एका झांजेमागची दोन वर्षं

द्वोर्झाकची नववी सिंफनी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं चालते आणि तेवढ्यात झांज वाजते ती एकदाच. शेवटच्या भागात, सुरुवातीचा गजर ओसरल्यावर एक हलका, जेमतेम ऐकू येईल असा स्पर्श होतो, आणि झांजेचं काम संपतं. ट्यूबा नावाच्या भल्यामोठ्या पितळी वाद्याचंही तसंच. दुसऱ्या, संथ भागात ते डझन-दीड डझन स्वर वाजवतं आणि बाकीचा सारा वेळ त्याचा वादक वाद्य मांडीवर धरून बसून असतो.

पण झांजवाला हवाच आणि ट्यूबावालाही हवाच. स्लोवाकियाची राजधानी ब्रातिस्लावा. तिथे दॅन्यूब नदीच्या काठी रेदुता नावाचं सभागृह आहे. त्या मंचावर हे दोघे अमुक गुरुवारी संध्याकाळी हजर असतील, आदल्या आठवड्यातल्या रचनेतही त्यांना काम असेल, पुढच्या आठवड्यात मोकळीक मिळेल, हे सगळं कुणीतरी फार आधी ठरवलेलं असतं. हे ठरवणारा माणूस दिग्दर्शक नसतो, म्हणजे हातात छडी घेऊन वाद्यवृंदासमोर उभा राहणारा नसतो. तो मंचावर येतच नाही. मध्य युरोपात त्याच्या पदाला ‘द्रामातुर्ग’ म्हणतात. आपल्याकडे नाटकवाल्यांना ड्रामाटर्ग हा शब्द ओळखीचा आहे, पण तिकडे तो संगीतातही चालतो. वाद्यवृंदाने वर्षभरात काय वाजवायचं, कुणाबरोबर, कुठल्या क्रमाने आणि का, याचा विचार करणारा तो द्रामातुर्ग. स्लोवाकियात ही खुर्ची, आणि पुष्कळदा संचालकाचीही, संगीतशास्त्रज्ञाकडे आलेली दिसते.

ग्रंथालयात बसून जुनी हस्तलिखितं वाचणाऱ्या माणसावर तिकीटविक्रीची आणि तालमींच्या वेळापत्रकाची जबाबदारी का यावी? याचं उत्तर त्या देशाच्या इतिहासात आहे.

ब्रातिस्लावा हे नाव अधिकृत झालं १९१९ मध्ये. त्याआधी जर्मन लोक या शहराला प्रेसबुर्ग म्हणत आणि हंगेरियन लोक पोझोन्य. संगीताची तिथे वानवा कधीच नव्हती. सहा वर्षांचा मोझार्ट १७६२ च्या डिसेंबरात तिथे वाजवून गेला. बेथोव्हन १७९६ मध्ये आला. नऊ वर्षांच्या लिस्टने १८२० च्या नोव्हेंबरात तिथल्या उमरावांपुढे पियानो वाजवला, आणि त्यातूनच त्याच्या पुढच्या शिक्षणाच्या खर्चाची सोय झाली. हुमेल तर त्याच गावात जन्मला. बार्तोकचं शाळकरी वयही तिथेच गेलं. पण हे सगळं जर्मन आणि हंगेरियन भाषांच्या, दरबारांच्या आणि चर्चच्या आश्रयाने चाललेलं. स्लोवाक भाषेतून शिकवणारी, स्लोवाक रचनाकारांना मंच देणारी संस्था म्हणाल तर जवळजवळ नव्हतीच.

पहिल्या महायुद्धानंतर चेकोस्लोवाकिया जन्माला आला आणि मग पुढच्या तीस वर्षांत सगळं एकामागून एक उभं राहिलं. १९१९ मध्ये कोमेन्स्की विद्यापीठ, १९२० मध्ये राष्ट्रीय नाट्यगृह, १९२१ मध्ये विद्यापीठात दोब्रोस्लाव ओरेल यांनी सुरू केलेला संगीतशास्त्र विभाग, १९२९ मध्ये नभोवाणीचा वाद्यवृंद. १९४९ साली तर एका वर्षात दोन गोष्टी घडल्या: संगीत-नाट्याची उच्च शिक्षणसंस्था निघाली आणि स्लोवाक फिलहार्मोनिक हा राष्ट्रीय वाद्यवृंद स्थापन झाला. व्हिएन्नाला किंवा प्रागला जे घडायला शतकं लागली ते इथे एका पिढीत उरकावं लागलं. त्यामुळे ज्यांना आपल्या संगीताचा इतिहास लिहायचा होता, त्यांनाच तो घडवायलाही बसावं लागलं. दुसरं होतंच कोण?

फिलहार्मोनिकला घडवणारा माणूस तर बाहेरून आला. तिचा पहिला प्रमुख दिग्दर्शक होता वात्स्लाव तालिख. चेक फिलहार्मोनिकला दोन दशकं घडवणारा हा थोर माणूस. युद्धानंतर त्याच्यावर जर्मनांशी सहकार्य केल्याचा आरोप झाला, तुरुंगवास झाला, पुढे तो निर्दोष ठरला, तरी १९४८ नंतरच्या राजवटीत प्रागचे दरवाजे त्याच्यासाठी बंदच राहिले. तो ब्रातिस्लावाला आला आणि १९५२ पर्यंत, जेमतेम तीन वर्षांत, ल्युदोवित रायतेर या स्थानिक दिग्दर्शकाला सोबत घेऊन त्याने नव्या वाद्यवृंदाला सूर लावून दिला. प्रागने ज्याला दूर लोटलं, त्याच्या हातून ब्रातिस्लावाला वाद्यवृंद मिळाला.

आता संगीतशास्त्रज्ञाकडे वळू. युद्धानंतरच्या पिढीचे गुरू म्हणजे योझेफ क्रेसानेक. स्लोवाक लोकगीतांच्या सांगीतिक रचनेवरचा त्यांचा ग्रंथ १९५१ चा. या घराण्याची चिकाटी बघायची असेल तर बार्तोकने जमवलेल्या स्लोवाक लोकगीतांच्या प्रकाशनाकडे पाहावं. पहिला खंड आला १९५९ मध्ये, दुसरा १९७० मध्ये आणि तिसरा २००७ मध्ये. एका संग्रहाला अठ्ठेचाळीस वर्षं! संपादन करणाऱ्यांची उमेद या काळात टिकली, हे मला त्या खंडांतल्या गाण्यांइतकंच मोलाचं वाटतं.

याच पिढीतलं एक नाव लादिस्लाव मोक्री. स्लोवाक विज्ञान अकादमीने १९५७ मध्ये स्लोवाक संगीताचा जो सामूहिक इतिहास प्रसिद्ध केला, त्याच्या लेखकांपैकी हे एक. म्हणजे सुरुवात कागदापासून. १९६० च्या दशकात मात्र ब्रातिस्लावात नव्या संगीताचं वारं शिरलं. नभोवाणीत इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रायोगिक स्टुडिओ उभा राहिला. लादिस्लाव कुपकोविच या तरुण रचनाकाराने १९६३ मध्ये ‘हुद्बा द्नेश्का’, म्हणजे ‘आजचं संगीत’, नावाचा वादकसंच काढला. हे सगळे तरुण एकमेकांना ओळखत होते, पण बाहेरच्या युरोपशी त्यांची गाठ पडत नव्हती. ती घालून देणारं कुणीतरी हवं होतं.

ती गाठ पडली स्मोलेनित्से इथे. छोट्या कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याशी तिथे एक किल्लेवजा वाडा आहे. पूर्वी तो पाल्फी घराण्याचा होता, आता विज्ञान अकादमीचा. शास्त्रज्ञांच्या परिषदांसाठी तो वापरत. परिषदेला जागा होती, राहायला खोल्या होत्या, आणि अकादमीचा संगीतशास्त्रज्ञ रीतसर अर्ज करून ती जागा मागू शकत होता. १९६८, १९६९ आणि १९७० अशी तीन वर्षं मोक्री, कुपकोविच, पेतेर कोलमान आणि त्यांच्या साथीदारांनी तिथे समकालीन संगीताची आंतरराष्ट्रीय चर्चासत्रं भरवली. पहिल्या वर्षी श्टोकहाउझेन आणि लिगेती हे युरोपातले बिनीचे रचनाकार आले. दिवसा व्याख्यानं आणि वाद, रात्री मैफली. मला यातलं संयोजकाचं कसब फार थोर वाटतं. नवा पैसा नाही, नवी इमारत नाही, वेगळी संस्थाही नाही. जे हाताशी होतं, म्हणजे अकादमीचं छत आणि स्वतःची विद्वान म्हणून असलेली पत, ते त्यांनी संगीताच्या कामी लावलं.

पुढचं ठाऊकच आहे. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे आले. कुपकोविच १९६९ मध्ये देश सोडून गेला. १९७० नंतर स्मोलेनित्सेची सत्रं थांबली. इल्या झेल्येन्कासारख्या रचनाकाराला संगीतकारांच्या संघातून काढलं गेलं, कोलमान १९७७ मध्ये परदेशी गेला. मोक्री मात्र फिलहार्मोनिकच्या संचालकपदावर आले आणि तिथे दीर्घकाळ राहिले. कागदावरचा इतिहासकार शेवटी शे-दीडशे कलावंतांच्या रोजच्या कामाचा कारभारी झाला.

हा कारभार चालतो कसा, ते आता सावकाश पाहू.

हंगाम सप्टेंबरअखेरीपासून जूनपर्यंतचा. मैफली सहसा गुरुवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी सात वाजता. तोच कार्यक्रम दोन दिवस होतो, म्हणजे त्याच तालमींवर सभागृह दोनदा भरतं. श्रोत्यांचा कणा वर्गणीदारांचा. हंगाम सुरू होण्याआधी वर्षाची वर्गणी भरायची, एक मालिका निवडायची, आणि ठरलेली खुर्ची वर्षभर आपली. मालिका निरनिराळ्या असतात: मोठ्या सिंफन्यांची, जुन्या संगीताची, ऑर्गन आणि पियानोच्या एकल वादनाची, मुलांसाठीची. द्रामातुर्गाच्या डोळ्यांसमोर एकेकटी मैफल नसते, ही मालिका असते. एखाद्या आजी तीस वर्षं त्याच खुर्चीवर बसत असतील तर त्यांना यंदा काय ऐकवायचं, गेल्या चार वर्षांत काय ऐकवून झालं आणि आजवर त्यांनी कधीच काय ऐकलं नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न. म्हणून प्रत्येक मैफलीची नोंद ठेवावी लागते. इथे संगीतशास्त्रज्ञाची सवय कामाला येते. नोंदी ठेवणं त्याच्या अंगवळणीच पडलेलं असतं.

पहिल्यांदा मोठे खुंटे रोवायचे. प्रमुख दिग्दर्शकाला वर्षात कुठले आठवडे मोकळे, पाहुणे दिग्दर्शक कोण, नामांकित एकलवादक कोण. अशा वादकांशी दीड-दोन वर्षं आधी, कधी त्याहूनही आधी, बोलणी करावी लागतात. पियानोवादक हवं ते वाजवत नाही. त्याच्याकडे त्या हंगामापुरती तीन-चार कंचेर्तोंची, म्हणजे एकलवादक आणि वाद्यवृंद मिळून वाजवतात अशा रचनांची, यादी तयार असते आणि त्यातूनच निवड करावी लागते. नोव्हेंबरात येणाऱ्याच्या यादीत रखमानिनोव्हचा दुसरा, फेब्रुवारीत येणारीच्या यादीतही तोच. दोघांना तोच वाजवू दिला तर वर्गणीदार नाराज होतील. मग एकाला प्रोकोफिएव्हकडे वळवायचं, पत्रं लिहायची, समजूत काढायची.

कंचेर्तो ठरला की त्याच्याभोवती संध्याकाळ रचायची. जुना, ठाशीव साचा असा: आधी दहा-पंधरा मिनिटांची एखादी रचना, मग अर्ध्या-पाऊण तासाचा कंचेर्तो, मध्यंतर, आणि शेवटी मोठी सिंफनी. नवी किंवा अपरिचित रचना जवळजवळ नेहमी पहिली असते. ती मध्यंतरानंतर ठेवली तर काही लोक मध्यंतरातच कोट उचलून घरी जातील. पहिली ठेवली तर लाडक्या कंचेर्तोसाठी थांबलेले सगळे ती ऐकतात. पानात डावीकडे चटणी-कोशिंबीर वाढतात तशी ही जागा. जेवायला त्यासाठी कुणी येत नाही, पण तोंडाला चव येते ती तिथूनच. स्लोवाक रचनाकारांची पुष्कळ कामं याच पहिल्या जागेवरून लोकांपर्यंत पोचली.

आता वाद्यांचं गणित. प्रत्येक रचनेला किती बासऱ्या, किती हॉर्न, किती ट्रॉम्बोन लागतात ते आकड्यांत लिहिलेलं असतं. द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीला चार हॉर्न, दोन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन आणि तो ट्यूबा. झांज वाजवणारा बहुतेक वेळा तिसऱ्या भागात त्रिकोणही वाजवतो, म्हणजे एक माणूस वाचला. पण संध्याकाळच्या पहिल्या रचनेला हार्प लागत असेल आणि बाकी कशालाच नसेल, तर हार्पवाल्या पाहुणीचे पैसे दहा मिनिटांसाठी मोजायचे का? मोजावे लागतात कधीकधी. पण शहाणा द्रामातुर्ग त्याच संध्याकाळी हार्प लागणारी दुसरी रचना शोधतो आणि ती आधीच्या रचनेशी मनाने जुळणारीही निघते. खर्च वाचवण्याचा आणि अर्थ लावण्याचा मेळ असा एकाच निवडीत बसला की त्या माणसाची विद्या दिसते. पितळी वाद्यं वाजवणाऱ्यांच्या ओठांचाही विचार करावा लागतो. ब्रूकनरची आठवी सिंफनी ऐंशी मिनिटांच्या घरात जाते. तिच्या पुढच्याच आठवड्यात रिखार्ड श्ट्राउसचं तितकंच दमवणारं काम ठेवलं तर हॉर्नवाले तोंड दाखवणार नाहीत.

मग नोटेशनची पानं. जुन्या रचनांची पानं वाद्यवृंदाच्या ग्रंथालयात असतात. युरोपीय कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं हक्क राखीव. बार्तोक १९४५ मध्ये वारला, म्हणून २०१६ पासून तिथे त्याचं संगीत मुक्त झालं. स्लोवाक संगीताचा मोठा माणूस एउगेन सुखोन १९९३ मध्ये वारला, म्हणजे त्याच्या रचना २०६३ अखेरपर्यंत राखीव. अशा रचनांची पानं बहुधा विकत मिळत नाहीत, भाड्याने घ्यावी लागतात, आणि वादनाचा मोबदला ‘सोझा’ या हक्कसंस्थेकडे भरावा लागतो. पानं आली की प्रमुख व्हायोलिनवादक गज कुठे वर, कुठे खाली ते पेन्सिलीने लिहितो. मग ग्रंथपाल त्या खुणा गजाने वाजवायच्या वाद्यांच्या बाकीच्या पानांवर उतरवतो. पुढे तालमी, साधारण चार-पाच, आणि मैफलीच्या दिवशी सकाळी रंगीत तालीम. तेवढ्यावर संध्याकाळ उभी राहते.

द्रामातुर्गाचं शेवटचं काम म्हणजे कार्यक्रमपत्रिकेतला मजकूर. दिसायला ते सगळ्यांत लहान, पण मला सगळ्यांत जवळचं वाटतं. वर्षभर आकडेमोड केलेला माणूस इथे पुन्हा अभ्यासक होतो. ही रचना कुणी, कधी, कशासाठी लिहिली, ऐकताना कान कुठे द्यावा, हे त्याने दोन-तीन पानांत सांगायचं.

वर्धापनदिनांचाही एक हिशेब असतो. स्लोवाक संगीताचे तीन खांब मानले जातात: अलेक्सांदेर मोयझेस १९०६ चा, सुखोन १९०८ चा, यान त्सिकेर १९११ चा. त्यामुळे दर दहा वर्षांनी पाच-सहा हंगाम या तिघांनी व्यापलेले. निमित्त मिळतं हे चांगलंच, पण त्यात एक धोका असतो. निमित्त संपलं की रचना कपाटात जाते. नव्या रचनेचा पहिला प्रयोग करणं त्या मानाने सोपं. समारंभ असतो, भाषणं असतात, बातमी होते. दुसरा प्रयोग कठीण, कारण त्याला काहीच निमित्त नसतं. माझ्या मते संगीतजीवन घडवणाऱ्या माणसाची परीक्षा तिथेच होते: त्याने किती रचनांना दुसरा प्रयोग मिळवून दिला?

१९८९ पर्यंत या सगळ्यावर आणखी एक हिशेब बसलेला होता, तो राजवटीचा. सरकारी दिनविशेषांना साजेसे कार्यक्रम करावे लागत. सोव्हिएत रचनाकारांना जागा ठेवावी लागे. परदेशी कलावंत सरकारी संस्थेमार्फतच येत. यातून नुकसान झालं ते झालं, पण सक्तीतूनही एक खरी गोष्ट निघाली. लादिस्लाव स्लोवाक हा दिग्दर्शक लेनिनग्राडला म्राविन्स्की या दिग्दर्शकाकडे शिकून आला होता. १९६१ पासून वीस वर्षं तो फिलहार्मोनिकचा प्रमुख दिग्दर्शक होता. पुढे ब्रातिस्लावाच्या नभोवाणी वाद्यवृंदाबरोबर त्याने शोस्ताकोविचच्या पंधराही सिंफन्या ध्वनिमुद्रित केल्या. त्या ‘नक्सोस’ या हाँगकाँगच्या कंपनीने काढल्या. १९८७ मध्ये स्वस्त सीडी काढायला निघालेल्या या कंपनीच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांपैकी कितीतरी ब्रातिस्लावातच झाली. जगभर ज्यांना महागड्या तबकड्या परवडत नव्हत्या, त्यांच्या घरात बेथोव्हन आणि शोस्ताकोविच स्लोवाक वादकांच्या हातून पोचले.

१९८९ नंतर बंधनं सुटली आणि हमखास मिळणारा आधारही सैल झाला. १९९० मध्ये नव्या संगीताच्या संध्याकाळी सुरू झाल्या, १९९१ मध्ये ‘मेलोस-एथोस’ हा समकालीन संगीताचा महोत्सव निघाला. स्मोलेनित्सेला तुटलेला धागा वीस वर्षांनी पुन्हा हाती आला. १९६० च्या दशकात सुरू झालेला ब्रातिस्लावा संगीत महोत्सव दर शरद ऋतूत भरतोच. रेदुताची इमारत मुळात १९१० च्या दशकात, धान्याच्या जुन्या कोठाराच्या जागेवर बांधलेली. मोठ्या दुरुस्तीनंतर २०१२ मध्ये ती नव्या ऑर्गनसह पुन्हा उघडली.

आपल्याकडून व्हिएन्ना-प्राग-बुडापेस्टच्या सहलीला पुष्कळ मंडळी जातात. व्हिएन्नाहून ब्रातिस्लावा आगगाडीने तासाभराचं अंतर आहे. जाणार असाल तर गुरुवार किंवा शुक्रवार साधा आणि रेदुताचं तिकीट काढा. आत शिरताना कार्यक्रमपत्रिका जरूर घ्या. भाषा कळली नाही तरी त्या संध्याकाळी काय आधी ठेवलंय, काय नंतर, आणि मध्यंतराच्या आधीची अनोळखी रचना कुणाची आहे, एवढं पाहा. द्वोर्झाकची नववी असेल तर शेवटच्या भागात झांजवाल्यावर नजर ठेवा. तो उठेल, एकदाच वाजवेल आणि बसेल.